आमच्या गल्लीतला बटुग्रह

"सेरेस काढून टाकावा लागेल," असं दिगंबरराव म्हणाले तेव्हा मी त्यांच्याच घरचा चहा पीत होते, म्हणून पहिल्या घोटाला काही बोलले नाही.

शनिवार पेठेत दिगंबररावांच्या गच्चीवर आमची आकाशबैठक भरते. दर अमावास्येला आम्ही काही निवृत्त माणसं तिथे जमतो, पाळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावतो, आणि फारसं काही दिसलं नाही की पुणं पूर्वी किती छान अंधारं होतं यावर बोलत बसतो. दिगंबरराव सरकारी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि लगेच आमचे अध्यक्ष झाले. त्यांना अध्यक्ष नसलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

शहरात प्रमाणशीर सूर्यमाला मांडायची ही कल्पनाही त्यांचीच. सूर्य त्यांच्या इमारतीच्या बिनखिडकीच्या भिंतीवर रंगवायचा, चांगला दीड मजला उंच. मग त्याच प्रमाणात अंतर मोजत पूर्वेकडे एकेक ग्रह लावत जायचं. पृथ्वी शनिवारवाड्याच्या आसपास, गुरू रास्ता पेठेत, शनी कॅम्पात, नेपच्यून हडपसरच्याही पलीकडे. प्रत्येक ठिकाणी भिंतीवर तांब्याचं एक ताट, आणि ताटाच्या मधोमध तो ग्रह त्याच्या मापाने उठवलेला. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सेरेस नावाचा बटुग्रह आहे, तोही घ्यावा असं मी सुचवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचं अंतर मोजलं तर ते कसबा पेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं. त्यात माझा हात नव्हता. अंतर मोजायचं चाक दिगंबररावांनी स्वतः फिरवलं होतं.

"का काढायचा?" मी विचारलं.

"शाळेतली मुलं आठ ग्रह शिकतात, श्यामलाबाई. नववं ताट दिसलं की विचारणार, हा कोण. मग विचारणार, हा आहे तर प्लूटो का नाही. प्लूटो हिशेबाने लोणी काळभोरला जातो. तिथे जाऊन ताट कोण लावणार आणि ते पुसणार कोण?"

"लोणी काळभोरला बस जाते."

"ग्रह आठ आहेत. आपण आठावर थांबू."

"बैठकीत सेरेससकट ठरलं होतं."

"ठरलं होतं. आता त्यात दुरुस्ती झाली."

"कोणी केली?"

"मी. बिस्कीट घ्या."

मी बिस्कीट घेतलं नाही. कोपऱ्यात टेबलावर नऊ ताटं एकावर एक ठेवली होती. सगळ्यात वरचं सेरेसचं होतं, कारण ते सगळ्यात सपाट. दिगंबररावांनी ते उचलून कापडी पिशवीत घातलं आणि माझ्या हातात दिलं.

"महिपतींना परत द्या. चांगलं जाड आहे. कशावर तरी झाकण म्हणून होईल."

तेवढं ते बोलले नसते तर कदाचित मी घरी येऊन दोन दिवस धुसफुसले असते आणि विसरले असते.

महिपती आमच्या गल्लीतला. तांबट. आम्ही एका वयाचे. आमच्या लहानपणी ही गल्ली सकाळी आठला बोलायला लागायची. घराघरांतून हातोड्या सुरू व्हायच्या आणि दुपारच्या जेवणापर्यंत थांबायच्या नाहीत. बाहेरचा पाहुणा आला की कानावर हात ठेवायचा, आणि आम्हाला कळायचं नाही की याला काय होतंय. नुसत्या आवाजावरून मला सांगता यायचं की आज कोणाकडे घंगाळ आहे आणि कोणाकडे कळशी. पुढे मी टेलिफोन एक्स्चेंजला लागले. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की त्या ठोक्यांवर मला गाढ झोप लागायची. पानशेतचं पाणी आलं त्या साली गल्ली बरेच दिवस मुकी होती. चिखल उपसून झाल्यावर एका सकाळी महिपतीच्या वडिलांच्या ऐरणीवर पहिला ठोका पडला, तेव्हा माझी आई चुलीपुढे बसून रडली. भांडी, धान्य, अंथरुणं गेली तेव्हा ती रडली नव्हती.

मग गीझर आले, बंब गेले. स्टील आलं. हातोड्या एकेक करून बंद झाल्या. मुलं बँकेत गेली, हिंजवडीला गेली. आता गल्लीत एकटा महिपती उरला आहे. आयुष्यभर ठोके ऐकून त्याचे कान गेले, तसे इथल्या बहुतेक तांबटांचे जातात. समोर उभं राहून तोंडाकडे बघू दिलं तर त्याला बरंचसं कळतं, आणि जे कळून घ्यायचं नाही ते अजिबात कळत नाही.

ग्रहांची ताटं करायला घेतली तेव्हा हात कापत होते त्याचे. तरी रोज सकाळी अंघोळ करून, टोपी घालून ऐरणीपुढे बसायचा. ताटं मठारायची, म्हणजे हातोडीचे बारीक ठसे अगदी शेजारी शेजारी उमटवत पत्रा कडक करायचा, की चकाकी पाण्यासारखी हलते. ते झालं की मधे ग्रह.

"गुरू काय, कुणीही करील," तो मला म्हणाला होता. "घंगाळ उपडं घातलं की झाला गुरू. हा तुझा सेरेस खरा हरामखोर आहे."

कारण सेरेस त्या मापात मोहरीच्या दाण्याएवढा. ताट उलटं ठेवायचं, टोकाला गोल केलेली लोखंडी सळई बरोबर मध्यावर धरायची आणि एकच ठोका. दुसरा मारला की जागा सरकते. जोरात बसला तर पत्रा फाटतो, हलका बसला तर उठतच नाही. आणि कापरा हात. त्याने कितीतरी तुकडे वाया घालवले. शेवटी एका सकाळी त्याची बायको सुंदराबाई मला हाक मारायला आली. "ताई, चला, बसला एकदाचा. सकाळपासून कुणाशी बोलले नाहीत, आता हसतायत."

ते ताट मी पिशवीतून परत घेऊन आले.

सुंदराबाई दारातच भेटली. मी काय झालं ते सांगितलं. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी महिपतीसमोर उभी राहिले आणि सावकाश बोलले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. 'झाकण' हा शब्द मी सांगितलाच नव्हता, पण चेहऱ्यावर असावा.

"वाईट झालंय?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"कुठे चीर गेली?"

"नाही. त्यांना नकोय."

त्याने ताट पिशवीतून काढलं, कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या हातची वस्तू परत आलेली नाही आजवर, श्यामल. बापाच्या हातचीही नाही. आता हात राहिले नाहीत, पुढचं काही करेन असं नाही. शेवटचीच तेवढी परत यायची होती?"

मी म्हटलं, "परत आलेली नाही. जिथे लावायची तिथे न्यायला आणलीय."

गल्लीच्या तोंडाशी हेमाचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी तिथे तांब्या-पितळेची भांडी असायची, आता स्टीलचे डबे आणि नॉनस्टिक तवे असतात. दिगंबररावांच्या चाकाने दाखवलेली जागा म्हणजे तिच्या दुकानाची बाहेरची भिंत. मी हेमाला विचारलं. ती गिऱ्हाइकाला कुकरची शिट्टी दाखवत होती.

"लावा की, मावशी. भिंत माझी आहे. दिगंबरकाकांच्या बापाची आहे का?"

संध्याकाळी आम्ही एक हूक ठोकून ताट टांगलं. खाली मी ऑइलपेंटने लिहिलं: 'सेरेस. बटुग्रह.' फोटो काढून आकाशबैठकीच्या ग्रुपवर टाकला. दोघांनी अंगठा दाखवला आणि मग, दिगंबररावांनी मेसेज वाचलाय हे दिसल्यावर, दोघांपैकी एकाने अंगठा काढून घेतला.

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. शाळेची मुलं सूर्यापासून चालत गुरूपर्यंत येणार, आणि पुढचे ग्रह बसने. चालत येण्याचा रस्ता आमच्याच गल्लीतून रास्ता पेठेकडे जात होता.

शुक्रवारी अभय आला. अभय आकाशबैठकीचा चिटणीस, आमच्यातला एकटाच नोकरीत असलेला, म्हणून सगळी कामं त्याच्याकडे. मुलगा चांगला आहे. चप्पल बाहेर काढून आत येतो.

"काकू, प्लीज. एक रिक्वेस्ट आहे."

"बस आधी."

"बसत नाही, मीटिंग आहे. ते ताट फक्त संडेपुरतं काढाल का? नंतर परत लावा, कोणी बघत पण नाही."

"कोणी बघणार नाही तेव्हा लावायचं आणि बघायला येतील तेव्हा काढायचं?"

"तसं नाही हो. काकांचं म्हणणं, मुलं कन्फ्यूज होतील."

हेमा माझ्याकडे डबा द्यायला आली होती. ती म्हणाली, "अरे अभय, मुलं चौदा विषयांचे क्लास लावून कन्फ्यूज होत नाहीत, मोहरीएवढ्या टिपक्याने होतील?"

"मला काय विचारताय, मी नुसता निरोप्या आहे." तो कसनुसा हसला. "आणि ऐका, तुम्ही काढणार नाही हे काकांना माहितीये. ते म्हणाले, काढत नसतील तर राहू दे, आपण रूट बदलू. मेन रोडने सरळ जाऊ. तुमच्या गल्लीत वळायचंच नाही."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. ताट काढून नेतील, भांडतील, पोलिसात जातील इथपर्यंत मी तयारी केली होती. नुसतं बाजूने निघून जातील, हे नाही. मला वाटतं, एखाद्या गोष्टीचं काय करायचं याचं पुण्यात हेच सगळ्यात पक्कं उत्तर आहे. आमच्या गल्लीने अशा बऱ्याच गोष्टी बाजूने जाताना पाहिल्या आहेत.

"अंतर चुकेल ना मेन रोडने," मी म्हटलं. "गुरू पुढे सरकेल."

"थोडासा. काका म्हणाले, चालतं."

"आठ ग्रहांचं चुकलेलं चालतं, नववा बरोबर असलेला चालत नाही. बरं. जा तू मीटिंगला."

रविवारी सकाळी महिपती सातलाच तयार होऊन हेमाच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, टोपी. रूट बदलल्याचं त्याला मी सांगितलं नव्हतं. सुंदराबाईनेही नाही. त्याने ताट चिंचेने घासून लख्ख केलं होतं. ऊन आलं तशी त्यावरची चकाकी समोरच्या भिंतीवर हलायला लागली.

नऊच्या सुमाराला मला ते ऐकू आलं. दोन वळणांपलीकडे, मेन रोडला, भोंगा हातात घेऊन दिगंबरराव बोलत होते. मुलांचा गलका होता. आवाज जवळ आला, आणि जिथे वळायला हवा होता तिथे वळला नाही.

महिपती रस्त्याकडे बघत होता. "आले का?" त्याने विचारलं.

मी हेमाकडे पाहिलं. हेमा डब्यांवरची धूळ पुसायला लागली.

"श्यामल, आले का?"

"तिकडून चाललेत," मी म्हटलं. "मोठ्या रस्त्याने. इकडे येत नाहीत."

त्याने ओठांवरून ते बरोबर वाचलं. टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि उठायला म्हणून भिंतीला हात लावला.

सुंदराबाई घरात गेली होती. ती बाहेर आली ती ऐरण ओढत. तिच्या मागे शेजारचा भाडेकरू तिच्याकडचं जुनं काळं पडलेलं घंगाळ घेऊन. तिने घंगाळ नवऱ्यापुढे उपडं टाकलं आणि हातोडा त्याच्या हातात दिला.

"ठोका," ती म्हणाली.

"काय ठोकू? हे झालेलं आहे."

"झालेलंच ठोका. पन्नास वर्षं माझे कान किटवलेत ना? आज त्यांचे किटवा."

महिपती तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी घातली, बैठक मारली आणि हातोडा उचलला.

तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला ते मला सांगता येणार नाही. अलीकडे तो आत, दार लावून, ताटांवर बारीक काम करायचा. हे तसं नव्हतं. हे घंगाळ होतं, भर गल्लीत, दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये. पहिल्या ठोक्याला कबुतरं उडाली. वरच्या खिडक्या उघडल्या. तिसऱ्या मजल्यावरचे नवीन लोक ओरडले, काय चाललंय, आज संडे आहे. हेमाने दुकानातून पितळेचा जुना हंडा काढला आणि लाटण्याने बडवायला लागली. मला हातात बत्ता मिळाला आणि एक तपेलं मिळालं. सुंदराबाई परातीवर होती. गल्लीतल्या आणखी बायका खाली आल्या, घरात तांब्याचं म्हणून जे काही सापडलं ते घेऊन. महिपतीला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्याने हात थांबवून शिव्या दिल्या.

"अगं, ठोका आहे की धुणं? हेमे, मनगटातून! भांडं फोडशील सासऱ्याचं!"

आणि पुन्हा सुरू झाला. कापरा हात दिसत नव्हता. मोठ्या ठोक्याला हात कापत नाही, असं त्याने मला मागे कधीतरी सांगितलं होतं. आता पाहिलं.

मेन रोडवरचा भोंगा बंद झाला. मग वळणावर एक मुलगा दिसला, मग चार, मग सगळी शाळाच. त्यांच्यामागून दोन शिक्षिका, "रांगेत, रांगेत," असं ओरडत. सगळ्यात शेवटी अभय, आणि त्याच्यामागे भोंगा काखेत धरून दिगंबरराव.

"हे काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं. आवाज चढवला नाही. त्या गोंगाटात त्यांना तो चढवावा लागला असता तर बरं वाटलं असतं, पण तेवढ्यात महिपतीने आपण होऊन हातोडा खाली ठेवला होता.

"काम चाललंय," मी म्हटलं. "तांबटांची गल्ली आहे."

"आज?"

"तुम्ही येणार होतात म्हणून."

मुलं ताटाभोवती जमली होती. दोन वेण्यांची एक मुलगी ताटाला नाक लावून बघत होती. "यात काहीच नाहीये," ती म्हणाली. "रिकामं आहे."

महिपती उठला. त्याने तिचं बोट धरलं आणि ताटाच्या मधोमध टेकवलं.

मुलगी बोट तिथेच ठेवून मागे वळून म्हणाली, "आहे. लागतंय."

मग सगळ्यांनाच हात लावायचा होता. शिक्षिकेने विचारलं, "सर, हा कुठला? आपल्या यादीत नाही."

"हा ग्रह नाही," दिगंबरराव म्हणाले.

"मग काय आहे ते सांगा की," मी म्हटलं. "भोंगा तुमच्याच हातात आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरी कोणी असते तर घाबरले असते. पण समोर पन्नास मुलं तोंड वर करून उभी होती, आणि दिगंबररावांचं असं आहे की माहीत असलेल्या गोष्टीबद्दल कोणी विचारलं तर त्यांना गप्प बसता येत नाही. तेवढा एक दुबळेपणा आहे त्यांच्यात. त्यांनी भोंगा तोंडाला लावला. सेरेस दोनशे वर्षांपूर्वी कसा सापडला, तेव्हा त्याला ग्रह म्हणून कसं घेतलं, मग त्याचे शेजारी सापडत गेले तसं पन्नासेक वर्षांनी यादीतून कसं काढलं, आणि आपल्या काळात पुन्हा बटुग्रह म्हणून कसं बोलावलं, हे सगळं त्यांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. त्याच्यावर मीठ सापडलंय म्हणाले, तेव्हा हेमानेही मान वर केली.

बोलून झाल्यावर भोंगा खाली करून मला म्हणाले, "तरी नकाशात छापला जाणार नाही."

"नका छापू. आम्ही नकाशा बघून इथे राहत नाही."

"आणि अधिकृत ताटांमध्ये हे राहू शकत नाही. उद्या अभय येऊन घेऊन जाईल. बैठकीच्या ताब्यात राहील."

"परवा झाकण होतं. आता ताब्यात हवं?"

महिपतीने माझी बाही ओढली. "काय म्हणतोय?"

मी त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, "उद्या नेणार म्हणतायत."

त्याने दिगंबररावांना एकदा खालीवर पाहिलं. मग ताट हुकावरून उतरवलं, आणि सुंदराबाईला खूण केली. ती घरातून त्याची डबी घेऊन आली. तांब्याचे जाड खिळे होते, बोटभर लांब. त्याने ताटाच्या कडेला चार बाजूंना भोकं पाडली. दोन मोठ्या मुलांना ताट भिंतीला दाबून धरायला लावलं, आणि स्वतः भिंतीत खिळे ठोकायला लागला. हेमाच्या भिंतीचं प्लॅस्टर पडलं. ती म्हणाली, "पडू दे."

खिळा आत गेला की तो थांबत नव्हता. वरचं डोकं ठोकून ठोकून ताटाशी इतकं सपाट करत होता की बोट फिरवलं तरी कळू नये. ते काढायचं तर पत्रा फाडावा लागेल, नाहीतर भिंत पाडावी लागेल. अभय ते बघत होता आणि त्याच्या तोंडावर मोठ्ठं हसू होतं, जे त्याने काकांकडे पाहून आवरलं.

दिगंबरराव शेवटचा खिळा बसेपर्यंत उभे राहिले. मध्ये बोलले नाहीत. इंजिनिअर माणूस, काम चालू असताना मध्ये बोलायचं नाही एवढं त्यांना कळतं. महिपतीने हातोडा खाली ठेवल्यावर त्यांनी पुढे होऊन अंगठ्याने ताटाचा काठ दाबून पाहिला. हलला नाही.

मग घड्याळ बघून मुलांना म्हणाले, "चला. गुरूला उशीर होतोय. पुन्हा मेन रोडवर जाऊ."

"इकडूनच जा," मी म्हटलं. "तुमच्याच चाकाने आखलेला रस्ता आहे. अंतर बरोबर येईल."

ते एक क्षण थांबले, आणि मग गल्लीत शिरले. मुलं त्यांच्या मागून निघाली. प्रत्येक जण जाताना ताटाच्या मध्याला बोट लावून जात होता, आणि महिपती बाजूला उभा राहून कुणाचं बोट चुकलं तर धरून नीट जागेवर ठेवत होता.